ई-कारची देखभाल: घरच्या ओट्यावर की शोरूममध्ये?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: चोपडा तालुक्यातले एक केळी उत्पादक शेतकरी. वय ५२. पूर्वी बरीच वर्षं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टर, पाणबुडी मोटार, मोटारसायकल, सगळं आजही स्वतःच दुरुस्त करतात. दीड वर्षापूर्वी इलेक्ट्रिक कार घेतली. सर्व्हिस सेंटर जळगावला, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर आणि अख्खा दिवस. यंदाच्या सर्व्हिसचं बिल आलं ४,८०० रुपये. ते लिहितात, "ऑइल नाही, फिल्टर नाही, प्लग नाही, मग पैसे कशाचे? वरून काचेच्या अलीकडे बसवून ठेवतात, आपल्याच गाडीजवळ उभं राहू देत नाहीत." जावई म्हणतात, बाहेर हात लावला की वॉरंटी गेली. पत्नी म्हणतात, करंटचा खेळ आहे, नादी लागू नका. त्यांचं स्वतःचं म्हणणं, "४४० व्होल्टवर आयुष्य काढलं, या गाडीत तर त्याहून कमी." पत्रात जाता जाता एक उल्लेख आहे: ओट्यावरच्या सॉकेटवर चार्जर अर्थिंगचा लाल दिवा दाखवायचा, म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून घेतले, तेव्हापासून काही त्रास नाही. प्रश्न असा, की सगळी देखभाल घरी करू की शोरूमच धरून ठेवू?

उत्तर:

भाऊ, तुमच्या प्रश्नाकडे नंतर येते. आधी सॉकेटबद्दल जाता जाता लिहिलेलं ते वाक्य. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेत, ती जोडणी आज गाडी चार्जिंगला लावायच्या आधी काढा. हे पत्र वाचून होईपर्यंतही थांबू नका.

तुम्ही वाइंडिंग केलेलं आहे, त्यामुळे तुम्हाला समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. मीटरपासून ओट्यापर्यंत येणारी न्यूट्रलची वायर कुठे सैल झाली किंवा तुटली, तर घरात चालू असलेल्या पंख्या-फ्रिजमधून फेज थेट त्या तुटक्या न्यूट्रलवर उभा राहतो. तुमच्याकडे न्यूट्रल अर्थच्या पिनेला बांधलेला आहे, आणि अर्थची पिन गाडीच्या पत्र्याला. म्हणजे २३० व्होल्ट गाडीच्या दारावर. गाडी रबरी टायरवर उभी असल्याने तिला काही कळत नाही. कळतं ते ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून दाराला हात लावणाऱ्याला. आणि कधी खांबावर काम करताना फेज-न्यूट्रल उलटसुलट जोडले गेले, तर वायर तुटण्याचीही गरज नाही. पावसाळ्यात न्यूट्रल जाणं आपल्या गावांना नवीन नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

त्या लाल दिव्यातून गाडी तुम्हाला खरं तेच सांगत होती. तुमच्या घराला अर्थिंग नाही. जुन्या धाब्याच्या घरांत अर्थिंग असलंच तर कधीकाळी नळाच्या पाइपाला गुंडाळलेली तार, आणि आता तो पाइपही प्लॅस्टिकचा झालेला. नवीन अर्थिंग करून घ्या: साधारण अडीच ते तीन मीटरचा जीआय पाइप किंवा तयार इलेक्ट्रोड, भोवती कोळसा आणि मीठ, आणि तिथून थेट चार्जिंगच्या सॉकेटपर्यंत सलग वायर. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाला सोडून देते, म्हणून मार्च ते जून अधूनमधून त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं. वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा) आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की पडणारा) बसवा. सॉकेट चांगल्या प्रतीचं १६ अँपिअरचं, बोर्डापासून स्वतंत्र चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, आणि एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. आठ-दहा तास सलग मोठा भार घेणारं दुसरं उपकरण घरात नसतं, त्यामुळे साध्या सॉकेटची पात वितळते. चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज तुमच्यासमोर मोजायला लावा. दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवा.

तुमच्यासारखे अजून काही वाचक आहेत जे गाडी मळ्यातल्या पंपाच्या कनेक्शनवर लावतात. तिथे व्होल्टेजचा भरवसा नाही ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे शेतीच्या दराच्या विजेवर कार चार्ज करणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. तो मोह टाळा.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही तो "घर की शोरूम" असा मांडलात, म्हणजे दोन्हीपैकी एकालाच सगळं सोपवायचं. मला वाटतं, गाडीचे तुकडे करून विचार केला तर तो सुटतो. बरंच काम तुमच्या हातचं आहे. थोडं काम तुमचंही नाही, चोपड्याच्या गॅरेजवाल्याचंही नाही. आणि मधला मोठा भाग असा आहे, की त्यासाठी जळगावला जायची गरजच नाही.

जे तुमचं नाही तिथून सुरुवात करते, कारण तिथे तुमचा आत्मविश्वास मला काळजीत टाकतो. "४४० पेक्षा कमी" हा हिशेब इथे लागू पडत नाही. आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक कारच्या मुख्य बॅटरीचा व्होल्टेज ३०० ते ४०० च्या घरात असतो, आणि तो डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट आहे. साठ व्होल्टच्या वर गेलेला डीसीसुद्धा धोक्याचा मानतात. तुम्ही आयुष्यभर ज्या करंटवर काम केलं त्याचे दोन गुण तुमच्या अंगवळणी पडलेत. एक म्हणजे तो बंद करता येतो. स्टार्टर पाडा, फ्यूज काढा, अगदीच झालं तर डीपीवरून लाइन बंद करा. दुसरा गुण असा, की एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा घरचा करंट, सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे पडलेली ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीला हे दोन्ही नाही. ठिणगी पडली की ती ताणून धरते. आणि गाडीची बॅटरी ही स्वतःच उगम आहे. तिचा सेफ्टी प्लग काढला तरी फक्त बाहेरच्या वायरींतला करंट नाहीसा होतो, पेटीच्या आत तो तसाच उभा असतो. शिवाय इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे बॅटरीचा डीसी मोटारीसाठी एसी करणाऱ्या पेटीत, मोठे कॅपॅसिटर असतात. सिंगल फेज मोटारीचा कॅपॅसिटर लाइन काढल्यावरही कसा झटका देतो, ते तुम्हाला सांगायला नको. इथे तोच प्रकार कितीतरी मोठा आहे.

म्हणून बॉनेटखाली आणि गाडीच्या पोटाखाली ज्या नारिंगी वायरी दिसतात, त्या आणि त्या जिथे जाऊन मिळतात ते सगळं, म्हणजे बॅटरी, इन्व्हर्टर, मोटार, गाडीतला चार्जर, गाडी थंड करणाऱ्या एसीचा कॉम्प्रेसर, हे हात न लावण्याचं. सर्व्हिस सेंटरचा प्रशिक्षित माणूससुद्धा ते १,००० व्होल्टचे हातमोजे घालून, प्लग काढून, ठरलेली मिनिटं थांबून आणि मीटरवर शून्य बघूनच उघडतो. तुमच्या पत्नी म्हणतात ते इथे शंभर टक्के बरोबर आहे.

पण त्यांचं म्हणणं सगळ्या गाडीला लावू नका, कारण बाकीची गाडी तुम्हाला ओळखीचीच आहे.

"सर्व्हिस करायला काही नाहीच" हे मात्र खरं नाही. इंजिन गेलं, त्याबरोबर ऑइल, प्लग, क्लच, सायलेन्सर गेले. चाकं, ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, एसी, वायपर, कूलंट आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी राहिली. यातल्या काही गोष्टी पेट्रोल गाडीपेक्षा लवकर झिजतात, काही उशिरा.

लवकर झिजतात टायर. बॅटरीमुळे गाडी जड असते आणि मोटारीचा जोर पहिल्याच क्षणी चाकावर येतो. हवा दर पंधरवड्याला सकाळी गाडी थंड असताना बघा, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा दुपारी हवा वाढलेली दिसते आणि पंपवाला थोडी सोडून देतो. सोडू देऊ नका, संध्याकाळी ती कमी पडते. आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं पुढची मागे करून घ्या. हे तुम्हीही करू शकता, पण जॅक लावताना सावध. या गाडीचं पोट म्हणजेच बॅटरी आहे. जॅक फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या चार जागांवर. पंक्चरवाल्याकडे गेलात तर स्वतः खाली वाकून जागा दाखवा, कारण सवयीने तो मधोमध लावतो आणि बॅटरीच्या पेटीला खोक पडली तर तो खर्च कोणत्याही सर्व्हिस बिलापेक्षा मोठा आहे.

ब्रेक उशिरा झिजतात, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटार करते. त्याचाच उलटा परिणाम असा, की डिस्कवर गंज धरतो आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. पावसाळ्यात दोन-चार वेळा मोकळ्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक लावा, चाकाच्या जाळीतून पॅडची जाडी बघत राहा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ते किलोमीटर कितीही कमी असले तरी पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला, बहुधा दोन वर्षांनी, बदलावं लागतं. ते काम गॅरेजवर सोडा. आधुनिक गाड्यांत ब्रेकला इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते आणि काहींना मशीन लावल्याशिवाय हवा नीट निघत नाही.

केबिन फिल्टर तुम्हीच बदला. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. कपाशीच्या हंगामात जिनिंगजवळून रोजचं जाणं-येणं असेल तर पुस्तिकेतल्या मुदतीची वाट न बघता काढून बघा. फिल्टर तंतूंनी भरला की एसी थंड करत नाही आणि लोक गॅस भरून घेत बसतात.

१२ व्होल्टची बॅटरी हे या गाडीचं सगळ्यात फसवं ठिकाण आहे. मुख्य बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी ही छोटी उतरली तर गाडी जागीच होत नाही, दारंसुद्धा उघडेनात. लग्नसराईत किंवा केळीच्या कापणीत गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर आधी पुस्तिकेत काय सांगितलंय ते बघा. टर्मिनल साफ ठेवणं, मल्टिमीटरने व्होल्ट बघणं, वेळ आली की तीच क्षमता असलेली बॅटरी बसवणं, हे तुमच्या हातचं. निगेटिव्ह आधी काढायचं हे तुम्हाला माहीतच आहे. वेगळी काळजी एकच: ही गाडी चालू असताना आवाज करत नाही. काम करण्याआधी ती बंद आहे हे बघा आणि चावी लांब, घरात ठेवून या. नातवंडं आसपास असतील तर विशेष. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा फ्यूज. किटकॅटमध्ये जाड तार गुंडाळायची आपली जुनी सवय इथे आणू नका.

कूलंट फक्त बघायचा, भरायचा नाही. बाटलीवरच्या दोन खुणांच्या मध्ये असेल तर ठीक. कमी झाला असेल तर तो कुठे तरी गेला आहे, आणि ते शोधणं सर्व्हिस सेंटरचं काम. बोअरचं क्षाराचं पाणी ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये खपून जातं. इथे ते बॅटरी थंड करणाऱ्या नळ्यांत जाईल. काही गाड्यांना करंट कमी वाहून नेणारा खास कूलंट लागतो, त्यात साधा मिसळला तरी बिघडतं.

आणि उंदीर. ज्या घरात धान्य, ज्या शेडात पेंड, तिथे उंदीर असणारच, आणि उभ्या गाडीचं बॉनेट त्यांना आवडतं. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून टॉर्च मारा. काळी बारीक वायर कुरतडलेली दिसली तर दुरुस्त होऊ शकते. नारिंगी वायरीवर दातांची खूण दिसली तर बॉनेट लावून टाका, गाडी सुरू करू नका, टेप तर मुळीच गुंडाळू नका, आणि रोडसाइड असिस्टन्सला फोन करा. गाडी न्यायची ती उचलून, चारही चाकं वर ठेवून. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढली तर चाकांबरोबर मोटार फिरते आणि तीच करंट तयार करू लागते. शेतरस्त्यावर खाली मोठा दगड लागला, किंवा नाल्याच्या पुरात गाडी बुडाली, तरीही हेच.

सस्पेन्शनचे बुश, अलाइनमेंट, वायपर, टायर, पॅड या कामांसाठी चोपड्यातला चांगला गॅरेजवाला पुरेसा आहे. आयटीआयमध्ये आता इलेक्ट्रिक वाहनांचा वेगळा ट्रेडही आला आहे, असा शिकलेला मुलगा तालुक्यात दुकान टाकत असेल तर त्याला हेच काम देऊन उभं राहू द्या.

जावयांची भीती अर्धी खरी आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला होता. त्या आदेशात म्हटलं होतं, की बाहेरच्या गॅरेजात काम केलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या पुढे अपिलात गेल्या आणि तो आदेश त्या १४ जणांपुरता होता, पण विचाराची दिशा स्पष्ट आहे. केबिन फिल्टर किंवा टायर बदलल्याने बॅटरीची वॉरंटी जाते असं कोणी तोंडी सांगितलं, तर "लिहून द्या" म्हणा.

उरलेली अर्धी भीती मात्र गंभीरपणे घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच ई-कारना बॅटरी आणि मोटारीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. बॅटरी हा गाडीतला सगळ्यात महाग भाग. उद्या तिचा दावा करायची वेळ आली तर पहिला प्रश्न येईल, ठरलेल्या सर्व्हिस वेळेवर केल्यात का. तुमच्या गाडीला अजून साडेसहा वर्षं त्या कागदाची गरज आहे. त्यामुळे पुस्तिकेत लिहिलेली ठरलेली सर्व्हिस चुकवू नका, ती जळगावलाच करा. सॉफ्टवेअरचे बदल, कंपनीने परत बोलावलेले भाग, बॅटरीतल्या सेलची तपासणी, हे दुसरीकडे होतही नाही.

फक्त जाताना ग्राहक म्हणून जा. ते ४,८०० कशाचे, याचं उत्तर बिलातच आहे. ओळ-ओळ वाचा. माझा अंदाज, त्यात धुलाई, एसीची फवारणी, आतली सफाई, खालचं कोटिंग अशा ओळी असतील. त्यातलं बरंच ऐच्छिक असतं. पुढच्या वेळी जॉब कार्ड बनतानाच सांगा: पुस्तिकेत या किलोमीटरला जेवढं लिहिलंय तेवढंच करा, त्याबाहेरचं काही करायचं तर आधी फोन. ते जॉब कार्डवर लिहून घ्या आणि मगच सही करा. घरी बदललेला फिल्टर परत लावू नका, हेही सांगा. निघताना बॅटरीच्या तब्येतीचा आकडा छापून मागा, दरवर्षीचा एका फायलीत ठेवा. गाडी विकतानाही तो कामाला येईल. घरी केलेल्या कामाची बिलं, तारीख, किलोमीटर त्याच फायलीत.

काचेच्या अलीकडे बसवल्याचा तुमचा राग मला समजतो. ज्याने शेकडो मोटारी उघडून पाहिल्या, त्याला स्वतःच्या गाडीजवळ जाऊ न देणं बोचणारच. हाय व्होल्टेजचं काम चालू असताना ती मनाई योग्य आहे. बाकी वेळी नाही. गाडी लिफ्टवर असताना पाच मिनिटं खालून दाखवा, असं सर्व्हिस अॅडव्हायझरला आधीच सांगून ठेवा. पॅड, बुश, बॅटरीच्या पेटीवरचे ओरखडे त्याच्याबरोबर बघा. नीट मागितलं की बहुतेक जण दाखवतात. नाही दाखवलं, किंवा न सांगता कामं लावली आणि दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

राहिला अंतराचा प्रश्न. चोपडा-यावल पट्ट्यात आता तुम्ही एकटेच ई-कारवाले नसाल. एकाच कंपनीच्या आठ-दहा गाड्या जमल्या तर सर्व्हिस सेंटरला तालुक्याच्या ठिकाणी एक दिवसाचा कॅम्प किंवा फिरती व्हॅन मागता येते. त्यांच्यासाठीही ते सोयीचं असतं. अर्जात प्रत्येक गाडीचा चेसिस नंबर, किलोमीटर आणि पुढच्या सर्व्हिसची तारीख लिहा, आणि तो जानेवारी-फेब्रुवारीसाठी मागा, उन्हाळा लागायच्या आत. कॅम्पमधलं कामही अधिकृत जॉब कार्डवर नोंदलं जाईल, हे त्यात लिहून घ्यायला विसरू नका.